तीस वर्षं इटालियन घासणारे बाबा

इटलीतल्या एका राजवाड्यात बाबांमुळे अलार्म वाजला होता.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. रडायचं ठरवून लिहायला बसले, तर हेच आठवून हसू येतंय.

माहीत नसेल त्यांना सांगते. माझे बाबा घणसोली गावातले, मार्बल पॉलिशवाले. नवी मुंबईतल्या किती टॉवरमध्ये इटालियन मार्बलवर त्यांचं मशीन फिरलं, त्यांनाही आठवायचं नाही.

कंपनीनं मला तीन महिने इटलीत जिनोआला पाठवलं तेव्हा त्यांच्या फुप्फुसात दगडाची धूळ बसली होती. डॉक्टर म्हणाले, कुठं फिरवायचं असेल तर आत्ताच फिरवा.

मी तिकडे बोलावलं. वाटलं, नाहीच म्हणतील. फोनवर म्हणाले, "तीस वरीस इटालियन घासला. येकदा त्याचा गाव तं बगू."

आणि काय गाव ते! बोळासारख्या गल्ल्या, आणि दारातून आत गेलं की एवढाले जिने, सोनेरी छत, भिंतभर चित्रं. एकेका सरदार घराण्याचा एकेक राजवाडा. मी तर येडीच झाले.

सगळे वर बघत होते. बाबा खाली. तळहात फरशीवर ठेवून म्हणाले, "मशीन न्हाय याला. हातानी घासलाय." चेहरा असा, जणू जुना दोस्त भेटला.

पण एक भानगड होती. बाबा भिंतीला चिकटून चालायचे. ताज्या पॉलिशवर पॉलिशवाला मधे पाय टाकत नाही, कडेकडेनं बाहेर येतो. आणि काम संपलं की त्या घरात त्याला परत कोण बोलावतो?

दुसऱ्याच राजवाड्यात त्यांचा खांदा एका चित्राच्या फार जवळ गेला. अलार्म. गार्ड धावत आला. मी सॉरी सॉरी करत बाबांवरच उखडले.

"मधून चाला ना. पाहुणे म्हणून आलोय आपण. मजूर आहात का तुम्ही इथे?"

बोलून गेले. बाबा पुढेही कडेनंच चालले.

शेवटच्या राजवाड्यात घरचे लोक अजून राहतात. त्यांच्यातल्या ऐंशीच्या आजीबाई स्वतःच घर दाखवत होत्या. खिडकीपाशी फरशीची चमक गेलेली बघून बाबा गुडघ्यावर बसले आणि त्या आल्या. म्हटलं, झालं, आता परत बोलणी.

बाबा मला म्हणाले, "सांग तिला, आंबट काय लावू नको. दगड खाल्लाय त्यानी."

मी इंग्लिशमध्ये सांगितलं. आजी ओशाळल्या. कित्येक वर्षं व्हिनेगरनं पुसत होत्या. विचारलं, हे कोण?

म्हटलं, माझे वडील. तीस वर्षं तुमच्या देशाचा दगड चमकवतात.

आजींनी सरळ बाबांच्या हातात हात घातला आणि बाकीचं घर दाखवायला निघाल्या. हॉलच्या मधोमध.

बाबा ताठ झाले. माझ्याकडे वळून बघितलं. मग चालले. बूट घालून, झुंबराखालून. दर दहा पावलांना दोघं थांबत होते. कोण कुणासाठी थांबतंय, ते कळत नव्हतं.

मी व्हिडिओ काढायचा विसरले.

बाहेर पायरीवर बसून बाबांनी दम खाल्ला. मग म्हणाले, "चाललो ना मदून? आता बोल."

मी हसले नुसती. विषय बदलला.

चुकलं माझं, बाबा. तेव्हाच म्हणायला हवं होतं.

नमस्कार करते.