दॉ सेइनची सुकट

ब्रह्मदेशात, मोलमेनच्या आमच्या आळीत एके काळी सगळे कुजबुजायचे, की मोहिंगा, म्हणजे माशाच्या रश्शातल्या शेवया, विकणारी दॉ सेइन चेटकीण आहे. तिने म्हणे एका तुरुंगशिपायाचं तोंड नुसतं बोलून वाकडं केलं. सांगणाऱ्याने आवाज खाली आणायचा आणि ऐकणाऱ्याने दंडावरचा ताईत चाचपायचा, अशी रीतच पडली होती. मीही सांगायचो. नाहीतर माझ्या चहाच्या दुकानात गिऱ्हाईक बसतं कशाला?

बाई ठेंगणी, घसा मात्र फौजदाराचा. नवरा उ बा न्युन शाळामास्तर. लष्करशहांविरुद्धची पत्रकं शाळेच्या छपाईयंत्रावर काढली, म्हणून त्याला दहा वर्षं मिळाली. शिवाय घरच्यांनाही शिक्षा हवी, म्हणून पाठवला पार उत्तरेच्या तुरुंगात, दोन दिवसांच्या आगगाडीवर. माझा पुतण्याही तिथेच. तेव्हा मी आणि दॉ सेइन दर खेपेला एकाच डब्यात. लोक त्यावरूनही काय काय बोलले. मी काही ते खोडलं नाही.

ती सुकटीची चटणी न्यायची. लसूण-मिरची घालून तेलात अशी परतलेली, की महिनोन्‌महिने टिकावी. तुरुंगात भाताबरोबर उकडलेला पाला. माणूस जगतो तो घरच्या बाटलीवर. पण जाळीपलीकडचा मास्तर भेटीगणिक वाळतच चालला.

"चटणी पुरते ना हो?"

"कसली चटणी?" मास्तर म्हणाला.

बाटल्या फाटकावरचा शिपाई रिचवत होता. पुढच्या खेपेला हिने मिरची दुप्पट केली. शिपाई बोटं चाटत म्हणाला, "मावशी, आत्ता कुठे जमली बघा!" अहो, तो आपलाच बर्मी माणूस. तिखटाने हटणार होता थोडाच!

मग तिचा ताबा सुटला. फाटकातच कमरेवर हात ठेवून ओरडली, "खा मेल्या, खा! ज्या तोंडाने कैद्याचं गिळतोस, ते तोंड तुला आरशात ओळखू यायचं नाही!"

पुढच्या वेळी गेलो, तर शिपायाचा एक गाल भोपळ्यासारखा आणि तोंड कानाकडे ओढलेलं. तिला पाहताच तो उभाच राहिला. झाकणाला हात न लावता बाटली आत धाडली.

रांगेतल्या बायकांनी ते पाहिलं आणि आपापल्या बाटल्या तिच्याच टोपलीत टाकल्या. "दॉ सेइनची टोपली" म्हटलं की फाटकावर कुणी हुंगतसुद्धा नसे. मास्तरच्या गालांवर मांस चढलं. माझ्या पुतण्याच्याही.

पण गोष्ट आमच्याच आगगाडीने आळीत आली. मोहिंग्याची गिऱ्हाइकं तुटली. ती दिसली की शेजारणी पोरांना घरात ओढू लागल्या. शेवटी विहारातून भंतेंचा निरोप आला: पॅगोड्यासमोर शपथ घे, मी चेटकीण नाही म्हणून, मी लोकांना समजावतो.

मी म्हटलं, "घेऊन टाक ना बाई. दोन शब्दांचं काम."

"आणि ती बातमी फाटकावर पोचली म्हणजे? तो मेला पुन्हा बाटलीत बोटं घालेल."

"अगं, पण धंदा?"

"धंद्याचं मी बघते. तुम्ही एवढंच करा दादा, दुकानात सांगता ते नीट सांगा. गाल डावा होता. तुम्ही उजवा सांगता."

ठेला उचलून ती नदीपलीकडच्या गावात विकायला बसली. तिथे तिला ओळखणारं कुणी नव्हतं. रोज होडीने जायची आणि होडीवाल्याशी भाड्यावरून भांडायची. होडीवालाही तिला घाबरायचा, तो मात्र निव्वळ घशाला.

मास्तर सुटून आला. स्टेशनातून स्वतःच्या पायांनी चालत, वर पोट सावरत. मी म्हटलं, "आता तरी घे शपथ."

"तुमचा पुतण्या आहे ना अजून आत?" ती म्हणाली. "नि बाकीच्यांच्या बाटल्या कोण नेणार, तुम्ही? तुम्हाला तर मांजरसुद्धा भीत नाही."

पुतण्या सुटला, मागोमाग त्या टोपलीतल्या बाकीच्या बाटल्यांचे धनीही सुटले. तेव्हा कुठे तिने पॅगोड्यासमोर गुडघे टेकले आणि शपथ घेतली. आळीतल्या निम्म्या बायका हिरमुसल्या.

शिपायाची दाढ किडली होती. पुढे ती तिथल्या दवाखान्यात काढली.