तिन्ही दुकानं एकच बोलली

कारंज्यात अजितकुमारांचं भांड्यांचं दुकान माझ्या शिलाईच्या दुकानासमोर आहे. माणूस भला आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझा तोल जाणार आहे.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी पेपर बंद केला आणि मोबाइलला चिकटले. गुप्तहेर खाती, पडद्यामागचं राजकारण, कोणाचा फोन कोण ऐकतो, असल्या चॅनेलांचा सकाळपासून रतीब. "शेटजी, हे खरं कायवरून?" असं मी वैतागून विचारलं की उत्तर ठरलेलं. "दिनेशभाऊ, मी व्यापारी आहो. एका दुकानाच्या भावावर भरोसा ठेवत नाही. तीन ठिकानी पुसतो. तिघं एकच बोलले, का पक्कं." जन्मभर पितळ असंच घेतलं, आता बातमीही तशीच घ्यायला लागले.

आमच्या गल्लीत भाजी येते ती बापूराव आणि पंचफुला यांच्या गावाबाहेरच्या मळ्यातून. त्यांची तनुजा लहानपणापासून टोपली घेऊन यायची. अजितकुमारांच्या जैन घरासाठी वेगळी टोपली, कांदा-बटाट्याचा स्पर्शही नसलेली. तीच तनुजा यंदा सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून निवडली गेली. मळ्यात पेढे वाटले.

आणि नोकरीआधी होते त्या पोलीस चौकशीला साध्या कपड्यातला एक शिपाई आला. मी तेव्हा रिठदला सासुरवाडीला होतो. त्यानं अजितकुमारांना सांगितलं, "मी पोलीस ठाण्याच्या गोपनीय शाखेतून आलो. तनुजाले ओळखता का?" नेमकं त्याच आठवड्यात तीन चॅनेलांनी सांगितलं होतं, की लहान गावांत माणसं सोडलीत, कोण कोणाला ओळखतं त्याच्या याद्या चालल्यात, आणि ओळखतो म्हणणाराही यादीत जातो.

"मी कोनालेच ओळखत नाही," ते म्हणाले. शिपायानं तसंच लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी तनुजा रडवेली होऊन आली. ओळखीचे लोक ओळख देत नाहीत, असा अहवाल गेला होता. शुक्रवारपर्यंत नवा गेला नाही तर नोकरी यादीतल्या पुढच्या पोरीला. मी समोरून उठून आलो. अजितकुमार तिला समजावत होते, "बेटा, तुले मालूम नाही हे लोक कसे असतात," आणि मोबाइल पुढे करत होते.

तिनं तिन्ही व्हिडिओ एकामागून एक लावले. तिन्हीत शब्दन् शब्द तोच. नकाशाही तोच, आणि त्यात आपलं वाशिम चक्क चंद्रपूरच्या खाली दाखवलेलं.

"काका, हे तीन दुकानं नाहीत," ती म्हणाली. "माल एकाच गोदामातला हाय. तुमी एकाच मानसाले तीनदा पुसलं."

अजितकुमारांना चूक कळली, पण भीती गेली नाही, ही खरी पंचाईत. "उद्या पाहू," म्हणाले. ऐन बोहणीच्या वेळी मी त्यांना चार माणसांत वाट्टेल ते बोललो. लाज वाटते का, असंही विचारलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, क्षमावणी होती. त्या दिवशी जैन माणूस वर्षभराच्या चुकांची प्रत्येकाजवळ क्षमा मागतो. अजितकुमार मळ्यात गेले, मी मागे होतोच. हात जोडून म्हणाले, "जाणता-अजाणता काही चुकलं असंन तर क्षमा करा."

पंचफुला मेथीच्या जुड्या बांधत होती. तिनं मानही वर केली नाही. "माफी घेऊन मी काय करू, शेटजी? मले सही पाह्यजे."

शुक्रवारी आम्ही तिघं ठाण्याकडे निघालो. अजितकुमार वाटेत दोनदा परत फिरले. दोन्ही वेळा मी दंडाला धरून वळवलं आणि पुन्हा तोंडसुख घेतलं. तनुजा पुढे चालत होती, मागे न बघता.

शिपाई तोच होता. "मग त्या दिवशी काहून नाही म्हनले?"

अजितकुमार तिच्याकडे बघून म्हणाले, "मले माह्या नावाची भीती वाटली. ही पोरगी चालाया लागली तेव्हापासून मी तिले ओळखतो." आणि सही केली. मला वाटलं, सुटलो.

"ओळखीचे दोन लागतात," शिपाई म्हणाला. "दुसरं कोन?"

तिघांनीही माझ्याकडे बघितलं. कागदावर नाव, पत्ता, मोबाइल नंबर, सगळ्याचे रकाने होते. हे सगळं कुठं जातं, कोण वाचतं, हा प्रश्न माझ्या मनात आला. त्या चॅनेलांवर मी आयुष्यात कधी विश्वास ठेवला नाही, तरी आला.

सही मी केली. पण उशिरा केली, आणि तेवढा वेळ तनुजा माझ्याकडे बघत होती.