सोमवारी सगळ्यांच्या आधी

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — एवढंच.

मिहानमधल्या मोठ्या कंपनीत माझा एक लौकिक होता: सोमवारी सगळ्यांच्या आधी हजर. साहेब इतरांना माझं उदाहरण द्यायचे. किती कामसू म्हणे! आणि खरं कारण? औषध दुकानांच्या ऑर्डरी घेणारं जे सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं, ते दर रविवारी काही ऑर्डरी दोनदा नोंदवायचं. चूक माझी. ती मला सापडेना, आणि सांगायची तर लाज. मग सोमवारी लवकर जाऊन जादा ऑर्डरी हातानं पुसायच्या. दोन वर्षं हेच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढे धरमपेठेतल्या एका स्टार्टअपनं मला बोलावलं. आठ माणसं, आणि मी त्यांचा मुख्य इंजिनिअर. कशाच्या जोरावर? त्याच सॉफ्टवेअरच्या.

नोटीसच्या काळात माझं काम वैशालीला समजावून द्यायचं होतं. उमरेडहून एसटीनं यायची, सगळं वहीत उतरवून घ्यायची. टीम लीड म्हणून तिचं नाव जवळजवळ पक्कं होतं. शेवटच्या दिवशी वही मिटण्याआधी तिनं विचारलं, अजून काही राहिलं का. मी नाही म्हणालो. काय झालं असतं सांगितलं असतं तर? नाव गेलं असतं. नवी नोकरीही, कदाचित. मी घाबरलो.

मी सोडल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी काही दुकानांत दुप्पट औषधं जाऊन पडली. दुसऱ्या दिवशी वैशालीचा फोन आला.

“दादा, सोमवारी लवकर येऊन तुम्ही काही करत होते का? मले खरं सांगा.”

मी नव्या ऑफिसच्या गॅलरीत उभा. आत मीटिंगला सगळे माझी वाट पाहत होते.

“नाही वं. मी होतो तोवर बरोबर चालत होतं.”

कळलं ना, काय बोललो ते? नुसतं लपवलं नाही — माझी चूक उचलून तिच्या पदरात टाकली. तिनंच काहीतरी बदललं असणार, असं सगळ्यांनी धरलं. तिचं लीड होणं गेलं. ते कामही काढून घेतलं.

दोन महिन्यांनी तिचा मेसेज आला. ‘दादा, तुमचं चांगलं चाललेलं काम माझ्या हातून बिघडलं. माफ करा.’

मी लिहिलं, ‘होतं असं कधीकधी. मनावर घेऊ नको.’

म्हणजे — मी तिला माफ केलं.