माझं सील आणि स्पितीचा घाट

पॅकिंगमधलं मला सगळं कळतं. निदान बदलापूरच्या उंचीवर तरी.

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत वेफर्स बनवणाऱ्या एका कारखान्यात मी पॅकिंगचा सुपरवायझर आहे. आमच्या खात्याचं तत्त्व एकच: पाकिटात भरपूर हवा भरा, म्हणजे वेफर मोडत नाही. फुगीर पाकीट म्हणजे सुखरूप पाकीट. हे माझ्या इतकं अंगवळणी पडलंय की बदलापुरात कात्रपच्या आमच्या फ्लॅटमध्ये मला चपटी उशीसुद्धा बघवत नाही. (बायको म्हणते, पोटाच्या बाबतीतही मी हेच तत्त्व पाळतो.)

आईची एक इच्छा होती. स्पितीच्या डोंगरात, पार बर्फाच्या शेजारी, एक जुना बुद्धविहार आहे. तो तिने शेजारणीच्या मोबाईलवर पाहिला आणि तिच्या मनात बसला. आषाढ पौर्णिमेला तिथे जायचं आणि तिथल्या भन्तेंना आपल्या हातची खीर दान करायची. आमच्या इथल्या विहारात दर पौर्णिमेला तिचीच खीर असते आणि लोक पातेलं पुसून खातात. बाबा असते तर दोघं गेले असते. बाबा गेल्यावर ते काम माझ्यावर आणि आमच्या छोट्या गाडीवर आलं.

"तांदूळ, साखर, दूध पावडर, सगळं घरून न्यायचं," आई म्हणाली. "वाटेत दुकानातून उचललेलं दान मला नको. मी स्टीलचे डबे काढते."

"डबे कोण नेतं आता? रस्ताभर खडखडत बसतील. मी कारखान्यात सगळं सील करून आणतो."

"डबा बरा रे, मिलिंद."

"आई, माझं सील आमचा माल घेणारा उल्हासनगरचा शेठ दोन्ही हातांनी ओढून बघतो. सुटत नाही!"

साहेबांना विचारून मी मशीनवर सगळं पॅक केलं. वर, तिकडचं जेवण अळणी असतं असं कळल्यामुळे, घरचं लाल तिखट आणि हळदही. पाकिटं अशी टुमटुमीत झाली की डिकीत मावेनात. मग ती मागच्या काचेखालच्या फळीवर, बरोबर आईच्या डोक्यामागे रचली. गुजरात, राजस्थान, पंजाब अशी ती तिच्या मानेला टेकून आली आणि एकाला सुरकुती पडली नाही. प्रत्येक ढाब्यावर उतरलो की मी त्यांना एकेक थाप मारायचो. सुजाता, म्हणजे माझी बायको, म्हणाली की लग्नानंतर इतक्या वेळा मी तिच्या पाठीवरून हात फिरवलेला नाही.

मग चढ सुरू झाला. एका बाजूला उघडेबोडके तांबूस डोंगर, दुसऱ्या बाजूला खोल दरी, खाली नदीची बारीक रेघ. मैलोन् मैल ना माणूस, ना झाड. मी एकदा डोंगराकडे आणि एकदा दरीकडे बघत पहिल्या गिअरमध्ये चाललो होतो.

"मिलिंद," मागून आई म्हणाली, "पाकिटं मोठी झालीत का रे?"

"पाकीट मोठं कसं होईल, आई?"

"मग मी पुढे का सरकतेय?"

सुजाताने वळून पाहिलं. "अहो, खरंच. दिवस भरल्यासारखी दिसतायत. एक टाचणी लावू का?"

"माझ्या पाकिटाला टाचणी?" मी म्हणालो. मला खरोखर राग आला. "हवा आहे म्हणून माल सुखरूप आहे. मी रोज हेच करतो."

पुढच्या वळणावर फाट्कन आवाज झाला. टायर गेलं असं समजून मी उतरलो आणि कडाक्याच्या वाऱ्यात चारही चाकांना लाथा मारल्या. चाकं ठणठणीत होती. परत येऊन दार उघडलं, तर मागे आई पिवळीधमक! हळदीला बसवलेल्या नवरीसारखी, पण चष्मा लावलेली.

"टायर नाही," ती शांतपणे म्हणाली. "हळद आहे."

उंचावर बाहेरची हवा विरळ होते आणि पाकिटातली फुगते, हे ओळखून तेव्हाच थांबून बाकीच्या पाकिटांची हवा सोडायला हवी होती. पण मी काय म्हणालो? "हळदीच्या पाकिटाचा कागद जरा हलका होता. बाकीची दणकट आहेत."

घाटमाथ्यापाशी, थंडीमुळे सगळ्या काचा बंद असताना, तिखटाचं पाकीट गेलं.

त्यानंतरचं मी पाहिलेलं नाही, कारण डोळे उघडत नव्हते. तिघं एकाच वेळी शिंकत होतो. कशीबशी गाडी डोंगराच्या कडेला दाबून उभी केली. सुजाताने हवा यावी म्हणून काच खाली केली. हवा आली! भरारा आली आणि खाली बसलेलं सगळं तिखट उठवून गाडीभर फिरवू लागली. "काच लाव!" मी ओरडलो. तिने काच लावली आणि तिखट आत कोंडलं. "काच उघड!" आम्ही रडत होतो, नाकं वाहत होती, आणि त्या ओल्या चेहऱ्यांवर, जणू याचीच वाट बघत असल्यासारखं, दूध पावडरचं पाकीट फुटलं.

पुढे बॅरिअरवर पोलीस होता. त्याने काचेतून तीन पांढरेलाल चेहरे पाहिले आणि एक पाऊल मागे घेतलं.

"कहाँ से आए हो?"

"बदलापूर," मी शिंकत म्हणालो.

"वहाँ सब ऐसे ही होते हैं?"

"जय भीम, बेटा," आईने मागून हात जोडले. त्याने घाईघाईने दांडा वर केला.

त्यानंतर आई सीटवरची, फळीवरची, स्वतःच्या पदरातली दूध पावडर मुठीमुठीने गोळा करत होती. आरशात मला ते दिसत होतं. आयुष्यात तिने एवढी एकच गोष्ट मागितली होती, आणि ती मी हवा भरून उडवली होती.

"आई, तिथे दूध मिळेल," मी म्हणालो.

"घरून आणलंय ते घालीन," ती म्हणाली.

विहारातल्या थंड स्वयंपाकघरात आईने पावडर पदरातून तीनदा चाळली. तिखट ते तिखटच. खीर उकळली तेव्हा तिला सुंदर केशरी रंग आला, आणि पातेल्याजवळ उभा राहिलेला प्रत्येक जण खोकू लागला. आईने पंचशील म्हणून पहिली वाटी थोरल्या भन्तेंपुढे धरली.

भन्तेंनी घास घेतला. त्यांचे डोळे भरून आले. कान लाल झाले. मग त्यांनी वाटी पुसून खाल्ली आणि पुन्हा पुढे केली.

"ठंड में अच्छा है," ते म्हणाले. "आपके यहाँ खीर ऐसे ही बनती है?"

आत्ताच तर पंचशील म्हटलेलं! खोटं बोलायची सोय नव्हती. आईने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं.

"नहीं भन्ते. ये मेरा लडका पॅकिंग में है."

भन्तेंनी माझ्याकडे इतक्या करुणेने पाहिलं की मी मान खाली घातली. आई मात्र हसत होती. डोळ्यांतून पाणी काढत हसत होती, आणि या वेळी ते तिखटामुळे नव्हतं.

निघताना त्यांनी आईला सातूच्या पिठाची कापडी पिशवी दिली. बदलापूरपर्यंत ती तिच्या मांडीवर होती. वाटेत मी एकदा म्हणालो, "दे, घरी गेल्यावर नीट सील करून देतो." तिने पिशवी दुसऱ्या बाजूला सरकवली.

कात्रपला आल्यावर पीठ स्टीलच्या डब्यात गेलं. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो, तर डब्याच्या झाकणावर आख्खा दगडी पाटा ठेवलेला.

"काय गं, घरात उंदीर झालेत का?"

"नाही," आई म्हणाली. "तू आहेस ना."