तिसऱ्या तळ्याचं पाणी

मेंढरं दुष्काळात गेली आणि आई आम्हां भावंडांना घेऊन सांगोल्याकडून सोलापुरात आली. विहिरीवर रांग, रांगेत भांडणं, आणि एवढं करून घागरीत मचूळ पाणी. तेच पिऊन आम्ही वाढलो. मी चौथी पास झाले, दादा मोडकंतोडकं लिहायला शिकला. पुढे कोकणातल्या एका बेटावर ठेकेदाराच्या लाकडांची राखण करायला माणूस हवाय असं कळलं, तेव्हा आईनेच हट्टाने दादाला धाडलं. बेटावर चार तळी आहेत, एवढंच तिने ऐकलं होतं.

"पान्याकाठी मानूस मरत न्हाय," ती म्हणाली.

दादाने पहिल्या पत्रात त्या तळ्यांचं चित्र काढून पाठवलं. चढावर पहिलं तळं, पावसाच्या गोड पाण्याचं. चरातून ते दुसऱ्यात उतरायचं, दुसऱ्यातून तिसऱ्यात. चौथं समुद्राला लागून, तेवढंच खारं, म्हणून तिसऱ्याच्या खाली मातीचा बांध घातलेला. आई तो कागद शेजारपाजारी दाखवत फिरली. थाट असा, की तळी जणू हिनेच खणली.

वैशाखात दुसरं पत्र आलं. वरची दोन्ही तळी आटली होती. उधाणाने बांध फुटला आणि समुद्र तिसऱ्यात शिरला. पाणी खारट झालंय, पोट ठरत नाही, होडी पंधरवड्यातून एकदा येते, तर पुढच्या होडीने परत येऊ का, असं त्याने विचारलं होतं.

आईला हसू आलं. "मचूळ पान्यानं कोन मरतंय? आमी जनमभर त्येच प्यालो की. ऱ्हा म्हनावं तितंच."

मी तसंच लिहिलं. वर माझा शहाणपणा: इथे तर तेवढंही पाणी नाही. समुद्र आम्ही दोघींनीही पाहिला नव्हता. पण आई अडाणी होती, मी नव्हते. समुद्राचं पाणी पिण्याजोगं नसतं, हे मी शाळेत घोकून पाठ केलं होतं. तरी तसं लिहिलं, त्याची लाज मला अजून वाटते.

दादा आईच्या शब्दाबाहेरचा नव्हता. राहिला.

ज्येष्ठात ठेकेदाराचा माणूस बोचकं घेऊन दारात आला. जुलाबांनी दादा पार सुकून गेला होता, होडी पोचली तेव्हा सगळं संपलेलं होतं, तिथेच माती दिली, असं त्याने खाली बघत सांगितलं. बोचक्यात कांबळं होतं, माझं पत्र होतं, आणि घट्ट बूच बसवलेली एक बाटली. बाटलीला दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती: आईला चाखायला.

आईने बूच काढून एक घोट घेतला. तो तिला गिळता आला नाही. तिने बाटलीला पुन्हा घट्ट बूच बसवलं.

"पोरी, कागुद घे," ती म्हणाली. "ये म्हनून लिव त्याला."

मी दौत काढली आणि लिहिलं.