फोरमनची अर्धी गाठ

फोरमन रस्त्याने चालताना माणसांच्या तोंडाकडे पाहत नसत, गाठींकडे पाहत. नागपुरात बर्डीच्या चौकात सिग्नलला एखादा गृहस्थ स्कूटरच्या मागे गादी बांधून उभा असला, की फोरमन फुटपाथवरून खाली उतरत, गादीची गाठ दोन बोटांनी चाचपत आणि विचारत, "कोणी बांधली?" गृहस्थ म्हणे, "मीच." "पाह्यली कोणी?" गृहस्थ मान वळवून गाठीकडे पाही. मग सिग्नल सुटेपर्यंत फोरमन ती पाहून देत. काही लोक आभार मानत. बरेचसे एका हाताने गादी घट्ट धरून निघून जात.

"बांधणाऱ्याची गाठ अर्धीच राह्यते," ते आम्हाला सांगत. "दुसरा पाह्यते तवा पुरी होते."

त्यांची सगळी नोकरी उंचावर गेली होती. कारखान्यांच्या चिमण्या, पाण्याच्या टाक्या, मनोरे, जिथे शिडी संपते तिथून पुढे दोर लावून माणसं आणि सामान वर चढवायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांना जमिनीवर करमेना. रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपली, की ते स्कूटरवर दोराची पिशवी टाकून रामटेकच्या वाटेवरच्या एका टेकडीला जात आणि तिथल्या खडकांवर कॉलेजातल्या मुलामुलींना चढायला शिकवत. चालताना ते कमरेतून डावीकडे झुकलेले असत. आम्हाला वाटे, वयामुळे असेल.

मी नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातून बी.एस्सी.ला नागपूरला आले होते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, त्यामुळे शहरात जे जे फुकट शिकवतात ते शिकून घ्यायचं, असा मी नियम केला होता. शिवणकाम झालं, टायपिंग झालं. होस्टेलच्या मैत्रिणीने सांगितलं, खडक चढायलाही फुकट शिकवतात. मी गेले. फोरमननी नाव विचारलं नाही, एसटी कुठली ते विचारलं. त्या दिवसापासून मी 'नरखेड' झाले. आमच्यात एक 'कळमेश्वर'ही होता. तो तिथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता. खडकावर पाय थरथरायला लागला की खालून फोरमनचा आवाज येई, "कळमेश्वर, टाच खाली! टाच खाली ठेव गा, काय नाचून राहिला?" मला वाटतं, टेकडीखालच्या शेतकऱ्यांना आम्ही एसटीचे कंट्रोलर वाटत असू.

दोराच्या बाबतीत फोरमन मुलीच्या बापासारखे वागत. दोर मांडीवर घ्यायचा, पण त्यावरून पाय टाकायचा नाही. उन्हात ठेवायचा नाही, आणि नागपुरात ऊन नाही अशी जागा शोधणं सोपं नाही. घरी तो उशीच्या अभ्र्यात भरून कपाटात ठेवलेला असे. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, एकदा आम्हाला म्हणाल्या, "माझ्या साड्या पत्र्याच्या पेटीत, अन् ह्यायचा दोर कपाटात. लग्नाले इतके वर्षं झाले, मले अजून कपाट नाही भेटलं." फोरमन शांतपणे म्हणाले, "साडी नेसून तू कुठी लटकतेस?"

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते सगळा दोर इंचाइंचाने बोटांतून काढत. चढाईच्या दोराला वरून विणलेलं साल असतं आणि आत गाभा. माणसाचं वजन गाभा पेलतो, साल फक्त त्याला सांभाळतं. बोटांना कुठे मऊ, चपटं लागलं की गाभा गेला, वरून दोर कितीही नवा दिसो. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात फोरमनना आमच्या दोरात असं एक बोटभर मऊ सापडलं. त्यांनी चाकू तापवला आणि त्याच जागी दोर कापला. मग उरलेल्याचेही तुकडे केले, चुकूनसुद्धा कोणी त्यावर चढू नये म्हणून. आम्ही मयतीला आल्यासारखे उभे होतो.

"आता नवा घ्या," ते म्हणाले. "तुमचा पहिला."

मी ही बातमी घरी सांगितली आणि तिथेच चूक झाली. तोपर्यंत मी 'टेकडीवर जाते' एवढंच सांगितलं होतं. बाबांना वाटे, देवदर्शनाला. आता दोराचं कळल्यावर त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "जायचं असंन तर जाय. पण दुसऱ्याच्या दोराले माह्यी पोरगी लटकणार नाही. दोर मी देईन. त्याच्यावर जमत असंन तर जाय, नाही तं बंद."

आणि त्यांनी दिला. आमच्या विहिरीतली पाणबुडी मोटर ज्या दोराने वर काढतात, तसाच जाड निळा नायलॉनचा दोर त्यांनी बाजारातून नवाकोरा आणला. पूर्ण ताणून पाहिला, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला बांधून पाहिला. "बोटभर लांबला नाही," ते अभिमानाने म्हणाले. मी तो पोत्यात घालून एसटीने नागपूरला आणला. माझ्यासाठी घेतलेली एवढी भारी वस्तू बाबांनी पहिल्यांदाच माझ्या हातात दिली होती.

फोरमननी रविवारी तो दोर पाहिला. आधी चौकशी केली, कोणी आणला, कशाला वापरतात, कोणी ताणला. मग तो नीट गुंडाळून माझ्या हातात परत दिला.

"दोर चांगला हाय," ते म्हणाले. "पण तुले नाही."

मी बाबांची अट सांगितली. माझा आवाज चिरकला असावा, कारण कळमेश्वर लांब जाऊन उगाच बुटाची नाडी बांधू लागला. फोरमननी मग विचारलं, "तुह्या गावाले पहिली गाडी किती वाजता हाय वं?"

पुढच्या शनिवारी ते माझ्यासोबत आमच्या गावी आले. खांद्याला पिशवी, पांढरा शर्ट, कमरेतून झुकलेली चाल. अनोळखी म्हातारा पोरीसोबत घरी आलेला पाहून शेजारच्या काकूंनी आईला कुंपणावरूनच विचारलं, "पोरगा काय करते वं?" आईने कपबशा धुवायला घेतल्या होत्याच, त्या तिने अजून एकदा धुतल्या.

बाबा आणि फोरमन चहा पिऊन थेट विहिरीवर गेले. फोरमननी दोन पोती मागितली आणि प्रत्येकात माझ्या वजनाइतके दगड भरायला लावले. किती, ते मला सगळ्यांसमोर सांगावं लागलं. विहिरीवर मोटर ओढायची लोखंडी घोडी, म्हणजे तोंडावरची चौकट, आहे. तिला बाबांचा निळा दोर बांधला, दुसऱ्या टोकाला पोतं. पोतं वर उचललं आणि सोडून दिलं. ते दोन माणसांच्या उंचीएवढं खाली गेलं, दोर ताठ झाला, एक धप्प असा आवाज आला आणि पोतं फाटून सगळे दगड विहिरीत गेले. दोर तसाच्या तसा होता.

"दोर तुटला नाही," बाबा म्हणाले.

"नाही," फोरमन म्हणाले. "पोतं फाटलं."

मग त्यांनी पिशवीतून आमच्या कापलेल्या दोराचा एक लांब तुकडा काढला. दुसरं पोतं त्याला बांधलं आणि तेवढ्याच उंचीवरून सोडलं. पोतं खाली गेलं, दोर लांबला, पोतं थोडं वर आलं, पुन्हा खाली गेलं आणि पाळण्यासारखं झुलत राहिलं. त्यातला एक दगड सांडला नाही.

बाबांनी खात्रीसाठी निळ्या दोराला आणखी एक पोतं बांधलं. तेही फाटलं. मागून आई म्हणाली, "दोन-चार पोते संत्र्याले ठेवा."

"पण हा तं लांबते," बाबा फोरमनच्या दोराकडे पाहून म्हणाले. त्यांच्या आयुष्यात लांबणारा दोर म्हणजे फसवणारा दोर.

"लांबते म्हणून माणूस वाचते. मोटरले मणका नसते. तिले तुमचाच दोर पाह्यजे, याच्याहून चांगला नाही भेटणार. माणसाले ढील देणारा पाह्यजे."

"तुमाले कसं माहीत?"

"मी एकडाव पोतं होतो," फोरमन म्हणाले.

एका चिमणीवरून त्यांचा पाय सुटला होता. दोर मजबूत होता, न ताणणारा. त्याने त्यांना धरलं, खाली पडू दिलं नाही. फक्त कंबर गेली. आठ महिने ते पालथे झोपून होते. "दोर अजून चांगला हाय," ते म्हणाले. "घरी गॅलरीत बांधला. गोधड्या वाळते त्याच्यावर." एवढं सांगून त्यांनी विहिरीत वाकून पाहिलं. "दोन पोते दगड मोटरीवर पडले असतीन. काढून पाह्यली पाह्यजे."

मग दोघांनी मिळून मोटर काढली. निळ्या दोरानेच काढली. बाबांनी गाठ मारली आणि ओढायला हात लावला, तेवढ्यात फोरमननी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "अर्धी झाली. थांबा." त्यांनी वाकून गाठ दोन बोटांनी चाचपली. "आता पुरी." तीस वर्षं मोटर काढणाऱ्या माझ्या बाबांना असं कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आता ते चिडणार. ते म्हणाले, "मी तुमची पाह्यली नाही नं पण," आणि पोत्याची गाठ पाहायला गेले.

अट मात्र त्यांनी पूर्ण मागे घेतली नाही. "घेताना मी येईन," म्हणाले. त्यामुळे आमचा पहिला दोर घ्यायला बर्डीच्या दुकानात आम्ही पाच जण आणि हे दोघे असे सात जण गेलो. दुकानदाराने आधी एक बारीक, केशरी, देखणा दोर काढला. "एकदम हलका आहे, काका."

"मी काय दोर घेऊन पळून राहिलो का गा?" फोरमन म्हणाले. "पहिला दोर जाड पाह्यजे. शिकणाऱ्याच्या चुका दोरच खाते. हे पोट्टे याच्यावर पाय देतीन, दगडावर घासतीन, गाठ सोडाले दातानं ओढतीन."

"मग हा घ्या, पाण्याने भिजत नाही."

"पाणी कुठी हाय आपल्याकडे?" हे बाबा म्हणाले.

शेवटी दहा मिलिमीटरहून थोडा जाड, साठ मीटर लांब, साधा हिरवा दोर निघाला. मध्यभागी काळी खूण, म्हणजे अर्धा दोर संपला ते कळतं. फोरमननी त्याच्या टोकाच्या पट्टीवर कधी बनला ते चष्मा लावून वाचलं, पिशवीचं सील पाहिलं. वापरलेला दोर ते कोणी दान दिला तरी घेत नसत, कारण त्याने काय काय सोसलं ते तो सांगत नाही. बाबांनी दोराचं टोक दोन्ही हातांत धरून ओढून पाहिलं. "लांबते," ते म्हणाले. या वेळी समाधानाने.

त्या हिरव्या दोरावर मी खडक शिकले आणि, हे लिहिताना जरा संकोच वाटतो, पण बरंच काही शिकले. पदवी झाली, नागपुरातच मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली. तिथे माझं काम झालं की मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला म्हणते, एकदा पाहून घे. सुरुवातीला लोकांना वाटायचं हिला आत्मविश्वास नाही. हिरवा दोर निवृत्त झाल्यावर एक तुकडा बाबांनी मागून नेला. गोऱ्ह्याला बांधतात. "हिसका मारला तरी मानेले लागत नाही," म्हणतात.

दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी मी खडकावर अर्ध्यात होते आणि खाली माझा दोर फोरमननी धरला होता. "नरखेड, खाली ये," ते म्हणाले. मी उतरले. त्यांनी दोर कळमेश्वरच्या हातात दिला आणि आपला उजवा हात माझ्यापुढे केला. "दाब."

मी दाबला.

"मऊ लागते नं?"

"नाही," मी म्हणाले.

"मले लागून राह्यलं. साल ठीक हाय. गाभा गेला." त्या दिवसापासून त्यांनी कोणाचाही दोर धरला नाही. एका दगडावर बसून फक्त गाठी पाहत.

गेल्या हिवाळ्यात काकूंचा फोन आला. मी बाबांना कळवलं. ते पहिल्या गाडीने आले, तोवर फोरमनच्या अंगणात तिरडी बांधायला घेतली होती. सुतळी कमी पडली. त्यांचा पुतण्या गॅलरीतून गोधड्यांचा दोर सोडून घेऊन आला, म्हणाला हा मजबूत आहे. काकू उठून उभ्या राहिल्या. "तो नको," त्या म्हणाल्या. "त्यानं एकडाव धरलं त्यायले. पुरे झालं." मग कोपऱ्यावरच्या दुकानातून सुतळी आली. पुतण्याने भराभर गाठी मारल्या. चार जण खांदा द्यायला वाकले.

"थांबा," बाबा म्हणाले.

ते तिरडीभोवती फिरले. "कोणी बांधली?"

"मीच," पुतण्या म्हणाला.

"पाह्यली कोणी?"

वाकलेले चौघे पुन्हा सरळ झाले. बाबांनी स्वतः हात लावला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माय, तू पाह्य. तुले शिकोलं त्यायनं."

मी खाली बसले आणि दोन बोटांनी एकेक गाठ पाहिली. पायाकडची एक ढिली होती. ती मी सोडायला लावून पुन्हा बांधायला लावली आणि पुन्हा पाहिली.

मग त्यांना उचललं.