गोड पांढऱ्या पोर्टचा पारखी

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि नळ आटले होते. नव्या कचेरीतले आमचे शेजारी गोड पांढऱ्या पोर्ट वाईनचे पारखी. घोट जिभेवर फिरवायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "साखर लई, द्राक्ष न्हाई." दारूबंदीची पत्रकं वाटणाऱ्या मला त्यांची चीड यायची.

बाळंत बहिणीला ताकद यावी म्हणून आईनं तीच वाईन आणवली. बूच निघताच शेजारी दारात हजर.

"थांबा वहिनी, वास येगळाच यायलाय."

त्यांनी घोट घेतला आणि थुंकला.

"निव्वळ स्पिरिट हाय! पोरगी मरंल की."

बाटली त्यांनी गटारात ओतली. बहिणीनं अजून तोंड लावलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. दारुड्या म्हणून ज्यांना आई आत घेत नसे, त्यांना तिनं बसवलं आणि घागरीच्या तळचं पाणी चहाला ठेवलं.